धक्क्याचा चहा

आमची गाडी सकाळी आपण होऊन चालू होत नाही, हे आमच्या गल्लीत कोणाला सांगावं लागत नसे. मालेगावात कुठेही विचारलं असतं तरी लोकांनी सांगितलं असतं. मालेगाव म्हणजे आमचं, वाशीम जिल्ह्यातलं. नाशिककडच्या माणसांनी उगीच मान वर करू नये. गाडी जुनी आहे. गोल दिवे, चमकता बंपर, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. मी शाळेत नवा मास्तर होतो तेव्हा कारंज्याच्या एका डॉक्टरांकडून ती सेकंडहॅन्ड घेतली. किल्ली देताना डॉक्टर म्हणाले होते, "हिच्यावर रागावू नका, ही रागाला भीक घालत नाही." मी हसलो होतो. रागावल्याशिवाय मला काही बोलता येत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सकाळचा प्रकार ठरलेला. चोक ओढायचा, सेल्फ मारायचा. इंजिन खर्र खर्र करून फिरायचं, पण पेट घ्यायचं नाही. पुन्हा सेल्फ, पुन्हा खर्र खर्र. मग 'धक्का' म्हणून ओरडावंसुद्धा लागत नसे, तो आवाजच आमच्या गल्लीची घंटा होती. समोरच्या घरातून कंडक्टरभाऊ निघायचे, कोपऱ्यावरचा किराणावाला शटर अर्धं वर ठेवून यायचा, जो कोणी तोंडात ब्रश घेऊन दारात उभा असेल तो तसाच यायचा. गाडी उतारापर्यंत ढकलत न्यायची, मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचो, एक हिसका बसायचा आणि गाडी सुरू. कंडक्टरभाऊ मग डिक्कीवर दोन थापा मारायचे. त्यांचा सगळा जन्म एसटीत गेला. डबल बेल दिल्याशिवाय कोणतीही गाडी सुटलेली त्यांना चालत नसे.

ही धावपळ माझ्यासाठी नव्हती. माझी शाळा गल्लीच्या तोंडाशी. गाडी लागायची बायकोला. ती नर्स होती. किन्हीराजाच्या पुढे एका फाट्यावरून आत गेलं की लहानसं गाव आहे, तिथल्या उपकेंद्रात तिची नेमणूक. बस आली तर आली. म्हणून मी तिला सकाळी सोडून यायचो आणि मग शाळा गाठायचो. गल्लीतल्या निम्म्या पोरांना तिने लस टोचली होती, म्हाताऱ्यांचं बीपी तीच बघायची. त्यामुळे "चाला रे, सिस्टरबाईले उशीर होऊन राह्यला" असं म्हणत माणसं हक्काने गाडीला हात लावायची.

एकदा सुरू झालेली गाडी बंद करायची सोय नव्हती. बंद केली की पुन्हा मान वाकडी. मी गाडी तशीच चालू ठेवून घरासमोर आणायचो, बायको ट्रेमध्ये चहा घेऊन यायची आणि कप बॉनेटवर मांडायची. बॉनेट थरथरायचं, कप एकमेकांना लागून किणकिणायचे. माणसं उभ्या उभ्या चहा प्यायची, दोन गोष्टी बोलायची आणि आपापल्या कामाला लागायची. याला गल्लीत 'धक्क्याचा चहा' असंच नाव होतं.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. त्या गल्लीत बौद्धांचं घर आमचं एकच. कोणी वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. रामराम होता, लग्नाच्या पत्रिका येत होत्या, अडल्यानडल्याला माणसं उभी राहत होती. पण चहाला आत कोणी येत नव्हतं. "बाहेरच बरं हाये सर, हवा चांगली हाये." मे महिन्यातसुद्धा आमच्या दाराबाहेर हवा चांगली असायची. मला याचा राग यायचा आणि राग आला की मी मुद्दाम कोणालाच या म्हणत नसे. बायकोचं डोकं माझ्यापेक्षा थंड. तिने बॉनेटचा रस्ता काढला. कोणाला आत बोलवायचं नाही आणि कोणावर नाही म्हणायची वेळ आणायची नाही. भरलेले कप बाहेर जायचे आणि रिकामे होऊन आत यायचे, एवढं तिला पुरत होतं. मला पुरत नव्हतं. पण चहा मीही तिथेच प्यायचो.

मी रिटायर झालो आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ती गेली. दुसऱ्यांची दुखणी बघता बघता स्वतःचं बघायचं राहून गेलं, यापेक्षा जास्त सांगवत नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, मुलगी पुण्याला परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाऊन गाडीत बसलो आणि सेल्फ मारला. का मारला हे मला आजही सांगता येत नाही. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप गेला असेल. खर्र खर्र झालं आणि समोरचं फाटक वाजलं.

कंडक्टरभाऊ आले, किराणावाला आला, आणखी कोणीतरी आलं. गाडी ढकलली, ती सुरू झाली, डिक्कीवर दोन थापा पडल्या. आता थापा पडल्या म्हटल्यावर जायला तर पाहिजे. मी निघालो. किन्हीराजा मागे टाकलं, फाट्यावरून आत वळलो, उपकेंद्राच्या समोर लिंबाचं झाड आहे त्याला वळसा घातला आणि घरी परत आलो. त्या दिवसापासून रोज तेच. आपण जातो कुठे, हे मला कोणी विचारलं नाही. गाडी उभी राहिली तर खराब होते, असं उत्तर मी तयार ठेवलं होतं. ते कधी कामी आलं नाही.

चहा मी करायला शिकलो. पहिले काही दिवस तो इतका वाईट होता की किराणावाला म्हणाला, "सर, हे औषध कायच्यावर हाये?" नंतर बरा जमू लागला. बॉनेटभोवती उभं राहून मी बाजारभावावर बोलायचो, सोयाबीनवर बोलायचो, ज्याच्यातलं मला ओ की ठो कळत नाही त्यावरही भांडायचो. दिवसभरात माझ्या तोंडून माणसांशी म्हणून जे शब्द निघायचे ते तेवढेच. रविवारी मुलीचा फोन येतो, टीव्हीवरच्या माणसांशी मी रोज वाद घालतो, पण त्याला बोलणं म्हणत नाहीत. चहा संपला, कप आत नेले, गाडीचा फेरा मारून आलो, की त्यानंतर घरात भांड्यांचा आवाज आणि माझं खोकणं. हा धक्का सुटला तर माझ्या दारात यायला कोणाला काही कारण उरणार नाही, हे मला स्वच्छ कळत होतं. त्यामुळे गाडीचा हा रोग मुळातून जावा अशी घाई मला नव्हती.

गेल्या थंडीच्या आधी कंडक्टरभाऊंच्या छातीत दुखलं. अकोल्याला नेलं, तिथे डॉक्टरांनी स्प्रिंग टाकली. आठवडाभराने ते घरी आले आणि विश्रांतीचे दिवस भरायच्या आतच एका सकाळी सेल्फचा आवाज ऐकून टॉवेल खांद्यावर टाकून हजर झाले. मी म्हणालो, "भाऊ, तुमी नका लावू हात." ते म्हणाले, "हात फक्त ठेवून राह्यलो सर, जोर नाही लावत." आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. जोर न लावणाऱ्या माणसाच्या गळ्याच्या शिरा तशा फुगत नाहीत.

त्याच दुपारी त्यांची सून आमच्या फाटकाशी आली. फाटकाच्या बाहेरच उभी राहून म्हणाली, "काका, रागावू नका, एक सांगतो. बाबाले डॉक्टरनं वजन ढकलाले मनाई केली. घरात आमी त्याईले बादली उचलू देत नाही. पन तुमच्या गाडीचा आवाज आला की बाबा चप्पल पाहात फिरते. माह्यं ऐकत नाही. तुमीच काही करा."

मी तिला म्हणालो, "करतो." आणि दार लावून आत येऊन बसलो. करायचं काय ते उघड होतं. एक तर सकाळी गाडी काढायचीच नाही, किंवा ती एका सेल्फमध्ये चालू झाली पाहिजे. दोन्हीत माझ्या घरापुढचे कप जाणारच होते. पण गाडी काढायचीच नाही म्हणजे फाट्यावरचा फेराही गेला. तेवढा तरी मला ठेवायचा होता. म्हणून मी दुसरा रस्ता धरला.

या गाडीवर आजवर किती मेकॅनिकांनी हात साफ केले त्याचा हिशोब नाही. एकाने कार्बोरेटर धुतला, म्हणाला पेट्रोलचा दोष. दुसऱ्याने प्लग बदलले. तिसऱ्याने आतले पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या लहान पट्ट्या, त्या बदलल्या आणि शेजारचा कंडेन्सरही. इग्निशन कॉइल नवी आली, बॅटरी नवी आली. प्रत्येक वेळी चार दिवस बरे गेले असं वाटायचं आणि पुन्हा खर्र खर्र. रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला. त्यात आमच्या गल्लीचे सल्ले वेगळे, उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ. यावेळी मी ठरवलं, कोणाला विचारायचं नाही. मी सारी नोकरी विज्ञान शिकवण्यात घालवली होती. पोरांना सर्किटच्या आकृत्या काढायला लावून, चुकलेल्यांचे कान पिळून, स्वतःच्या गाडीचं सर्किट मी एकदाही नीट तपासलं नव्हतं.

पहिली तपासणी साधी असते. प्लग काढायचा, त्याला त्याची वायर तशीच लावून ठेवायची, प्लगचं लोखंड इंजिनला टेकवायचं आणि सेल्फ मारून बघायचं की टोकावर ठिणगी पडते का आणि कशी पडते. निळी आणि जाड पडली तर करंट चांगला, पिवळी आणि बारीक पडली तर कमजोर. पण या साध्या तपासणीला दोन माणसं लागतात. एक किल्लीवर, एक प्लगपाशी. पूर्वी बायको किल्लीवर बसायची. ड्युटीचं पांढरं पातळ नेसलेली, हातात पर्स, आणि मी बॉनेटखालून ओरडायचो, "मार." ती मारायची. कधी मी तिला प्लगपाशी उभं करायचो आणि स्वतः किल्लीवर बसून विचारायचो, "मारू?" ती म्हणायची, "मारा, पण लवकर, माझी ओपीडी चालू झाली असेल."

आता किल्लीवर बसलो तर प्लग दिसत नाही आणि प्लगपाशी उभा राहिलो तर किल्ली फिरत नाही. मी बराच वेळ बॉनेट उघडं ठेवून उभा होतो. समोर हाक मारली असती तर कंडक्टरभाऊ धावत आले असते, पण त्यांच्यासाठी चाललेल्या कामाला त्यांनाच बोलवायचं हे मला पटेना. शेवटी मोबाईल आठवला. पाण्याच्या बाटलीला टेकवून तो इंजिनजवळ उभा केला, व्हिडिओ चालू केला, गाडीत जाऊन सेल्फ मारला आणि परत येऊन बघायला बसलो.

थंडीतली सकाळ, पोर्चमध्ये अंधारच होता, त्यामुळे ठिणगी चांगली दिसली. पिवळी, बारीक, मरतुकडी. पण मी ती लगेच पाहिली नाही. व्हिडिओत आधी माझ्या चपलांचा आवाज होता, मग गाडीचं दार लागल्याचा. आणि मग गाडीच्या आतून माझाच आवाज आला, "मारू?"

मी असं बोललो हे मला माहीत नव्हतं. त्या प्रश्नानंतर व्हिडिओत काहीच नाही. लांब कुठेतरी कोंबडा आरवतो. मी थांबलेलो आहे हे कळतं, चांगला थांबलेलो आहे. आणि मग सेल्फचा आवाज. मी मोबाईल बंद करून ओट्यावर बसलो. रडलो असं नाही. पण उठवत नव्हतं. ऊन पोर्चमध्ये आलं, तरी मी तिथेच होतो. तो व्हिडिओ मी ठेवायला पाहिजे होता की पुसायला, ते ठरवता आलं नाही, म्हणून तो अजून मोबाईलमध्ये आहे.

दुसऱ्या दिवशी पुढची तपासणी. यावेळी सेल्फ मारायचाच नाही. किल्ली नुसती चालू ठेवायची आणि त्या पॉइंटच्या पट्ट्या स्क्रूड्रायव्हरने हाताने उघडायच्या. उघडल्या की प्लगवर ठिणगी पडते. हे एकट्याला जमतं. ठिणगी पडली, आणि काय पडली! निळी, जाड, कट् असा आवाज करत. मी पुन्हा केलं. पुन्हा निळी. म्हणजे प्लग चांगला, कॉइल चांगली, कंडेन्सर चांगला. इतकी वर्षं ज्यांना शिव्या दिल्या ते सगळे निर्दोष. सेल्फ फिरतो तेवढ्या वेळात मात्र ठिणगी मरते. आणि धक्का दिला की चालू का होते, तेही इथेच उलगडलं. धक्क्यात सेल्फ वापरावा लागत नाही, सगळा करंट ठिणगीला मिळतो.

म्हणजे सेल्फ सगळा करंट ओढून घेतो आणि ठिणगीपर्यंत उरत नाही. बॅटरी तर नवी. मग वाटेत कुठेतरी अडथळा आहे. बॅटरीपासून सेल्फपर्यंतची जाड तार तपासली, चकचकीत होती. आधीच्या मेकॅनिकांनी ती बदललेली होती. तेव्हा मी फळ्यावरचं वाक्य स्वतःलाच ऐकवलं. करंट गेला की तो परत आला पाहिजे. सर्किट पूर्ण झालं नाही तर दिवा लागत नाही. हे मी पोरांकडून घोकून घेतलं होतं. बॅटरीतून करंट जातो त्या वाटेकडे सगळ्यांनी पाहिलं होतं. तो परत येतो ती वाट, म्हणजे अर्थची तार, तिच्याकडे कोणीच पाहिलं नव्हतं. मी सेल्फ जरा जास्त वेळ मारला आणि उतरून ती तार जिथे गाडीच्या बॉडीला बोल्टने आवळलेली होती तिथे हात लावला. चटका बसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

बोल्ट काढला. तारेच्या टोकाखाली लोखंड नव्हतं, रंग होता. निळा रंग, आणि त्याच्या कडेने गंज चढलेला.

तो निळा रंग मला ओळखीचा होता. डॉक्टरांची गाडी कॉफी रंगाची होती. घेतल्यानंतर पहिल्याच चौदा एप्रिलला आमच्या जुन्या वस्तीतल्या मित्रांनी ठरवलं की जयंतीच्या मिरवणुकीत फोटो ट्रॅक्टरवर नाही, सरांच्या गाडीवर निघेल. मग गाडी निळी पाहिजे. पेंटरला कोण विचारतो, सगळ्यांना ब्रश धरता येत होता. आम्ही दोन दिवस गाडीला भिडलो. दारं झाली, टप झाला, तरी डबा उरला. मी म्हणालो, आता बस. तर एक जण म्हणाला, "सर, उद्या बॉनेट उघडलं त आत कॉफी दिसन. आपली गाडी आतूनबी निळी पाह्यजे." म्हणून मग बॉनेटच्या आतली बॉडी रंगवली. तारा सोडल्या, खालचं लोखंड रंगवलं, रंग पुरता वाळायच्या आधीच बोल्ट आवळले. जिथे लोखंडाला लोखंड टेकायला पाहिजे तिथे आम्ही मधे रंग भरून ठेवला. मिरवणुकीच्या सकाळी गाडी चालू होईना. अख्ख्या वस्तीने धक्का दिला, पोरं हसत होती, बायको गजरा सावरत बाजूने पळत होती. गाडीचा पहिला धक्का तो. आम्हाला वाटलं, हार-फुलांचं वजन झालं असेल.

त्या मित्रांपैकी एक नागपूरला गेला, दोघे पुण्यात, ज्याने आतून निळी पाहिजे म्हटलं तो आता नाही. मी स्वयंपाकघरातली सुरी आणली आणि बोटाच्या पेराएवढी जागा खरवडली. खाली डॉक्टरांची कॉफी लागली, ती खरवडली, मग पांढरं लोखंड दिसलं. पॉलिश पेपर मारला, तार लावली, बोल्ट आवळला. गाडीत बसलो. यावेळी तोंड घट्ट मिटून ठेवलं, काही विचारलं नाही. सेल्फ मारला आणि खर्र म्हणायच्या आत गाडी सुरू झाली.

मला आनंद झाला, नाही कसा होईल. हाताने शोधलेला दोष होता. मी बंद केली, पुन्हा चालू केली, पुन्हा बंद, पुन्हा चालू. सांगायला कोणी नव्हतं म्हणून चार-पाचदा तेच केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी एका झटक्यात चालू झाली तेव्हा कंडक्टरभाऊ टॉवेल खांद्यावर टाकून त्यांच्या फाटकापर्यंत आलेले होते. ते तिथेच थांबले. म्हणाले, "वा सर, डायरेक्ट सुरू?" मी म्हणालो, "अर्थचा प्रॉब्लेम व्हता." ते म्हणाले, "चांगलं झालं." मग टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेऊन आत गेले. किराणावाला दुकानातूनच ओरडला, "सर, नवी घेतली का?" आणि माल लावत बसला. मी त्यांना चहाला या म्हणायला पाहिजे होतं. पण धक्क्याशिवायचा चहा आमच्या गल्लीत नव्हताच, त्याचं आमंत्रण कसं देतात ते मला येत नव्हतं. मी निघालो. डिक्की गप्प होती.

त्यानंतर कोणी आलं नाही. त्यांचं काय चुकलं? काम उरलं नव्हतं. हाताला मात्र जुन्या चहाचं माप बसलेलं, भांडंभर व्हायचा. दोन कप मी प्यायचो, उरलेला मोरीत. सून एकदा फाटकाबाहेरून म्हणाली, "काका, लय चांगलं केलं तुमी." मी मान हलवली. एका सकाळी तर मी पाना घेऊन बॉनेट उघडून उभा राहिलो. बोल्ट थोडासा सैल केला असता की झालं. गल्ली पुन्हा गोळा झाली असती. मग त्या फुगलेल्या शिरा आठवल्या आणि मी पाना जागेवर ठेवून दिला.

गाडी आता कुठेही बंद करता येत होती. इतक्या वर्षांत मी उपकेंद्रापुढे ती कधी बंद केली नव्हती. एक दिवस लिंबाखाली केली. इंजिन थांबल्यावर तिथे इतकं शांत असतं हे मला पहिल्यांदा कळलं. नवी सिस्टर बाहेर आली, तिच्या स्कूटीशेजारी उभी राहून म्हणाली, "काही काम होतं का काका?" मी म्हणालो, "नाही, गाडी गरम झाली, थंड करतो." ती भली पोरगी, पाणी घेऊन आली. मी ते रेडिएटरमध्ये ओतल्याचं नाटक केलं आणि परत आलो.

संक्रांत होऊन गेल्यावरची एक सकाळ. चहाचं भांडं ओट्यावर झाकून ठेवलं होतं, येऊन बघू म्हणून. गाडी सुरू केली, फाटकातून बाहेर काढली, पहिला गिअर टाकला, तेवढ्यात डिक्कीवर थाप पडली. एकच. मी वाट पाहिली, दुसरी पडली नाही. एसटीत एक बेल म्हणजे थांबा. मी ब्रेक मारला.

कंडक्टरभाऊ खिडकीशी आले. स्वेटर, कानाला मफलर. टॉवेल नव्हता.

"काय झालं भाऊ?"

"काही नाही. गाडी बंद करा."

"कायले?"

"बंद केल्यावर आता चालू व्हते ना?"

"व्हते."

"मंग करा ना बंद. चहा पिऊ."

मी किल्ली फिरवली. गल्ली एकदम शांत झाली. मी उतरून बॉनेटकडे बघितलं. सवयीने वाटलं, ते तिथेच टेकून उभे राहतील आणि मी ट्रे घेऊन यावा. पण तोवर त्यांनी आमच्या पायरीवर चपला काढल्या होत्या. इतक्या वर्षांत त्या पायरीवर त्यांच्या चपला मी कधी पाहिल्या नव्हत्या. मी त्यांच्या मागोमाग आत गेलो. बोललो असतो तर काहीतरी वाकडंच बोललो असतो.

ते स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुर्चीत बसले. भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे त्यांनी पाहिलं, हात जोडले. मी चहा गरम करून दिला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर मारली, प्याले. मग फोटोकडे बघतच म्हणाले, "सर, एक इचारू? बाई गेल्यापासून रोज तुमी जाता कुठं?"

तयार ठेवलेलं उत्तर होतं. गाडी उभी राहिली तर खराब होते. ते जिभेवर आलंही. पण माझ्या तोंडून निघालं, "कुठंच नाही. तिच्या दवाखान्यापर्यंत जातो, लिंबापासून गाडी वळवतो अन् वापस येतो."

त्यांनी मान हलवली. "मले वाटलंच. डबल बेल देताना रोज वाटे, इचारावं. मंग वाटे, इचारलं त हे जायचे बंद व्हतीन." बशी खाली ठेवून त्यांनी रिकामा कप माझ्यापुढे धरला. "मंग आज घाई कायची? असन त अर्धा कप अजून टाका."

भांड्यात पुष्कळ होता.